कोळशाला विष कळत नाही

या वेळच्या टपालात १० पत्रं एकाच विषयावर आली. दोष माझाच. गेल्या अंकात औषधांच्या वेळांबद्दल लिहिताना मी कंसात सहज लिहून गेले होते, ‘कोळशाच्या कॅप्सूल घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा’, आणि तो कंस मला चांगलाच महागात पडला.

मी ३१ वर्षं कॅज्युअल्टीत काढली. सक्रिय कोळसा, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, तिथे पाण्यात कालवलेल्या काळ्या गाऱ्यासारखा यायचा. माझे निम्मे अ‍ॅप्रन त्याच्या डागांनी कामातून गेले. ते डाग धुतल्यावर पसरतात, निघत नाहीत. या काळ्या गाऱ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच तो आइस्क्रीमच्या कोनात दिसला की मला कसंतरीच होतं.

पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३८. थायरॉइडची गोळी ७ वर्षं चालू आहे, सकाळी उपाशीपोटी घेते. तीन महिन्यांपूर्वी मैत्रिणीच्या सांगण्यावरून शरीरशुद्धीसाठी कोळशाच्या कॅप्सूल सुरू केल्या. विसरायला नको म्हणून गोळीबरोबरच घेते. सुरुवातीला हलकं वाटलं. आता थकवा आहे, केस गळतात, आणि टीएसएच (थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की वाढणारा रक्ततपासणीतला आकडा) ३ वरून १४ वर गेलं. डॉक्टर गोळीचा डोस वाढवू म्हणतात. कॅप्सूलचं मी त्यांना बोलले नाही. ते औषध थोडंच आहे?

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुमच्यापुरतं ते खरंही आहे. कोळसा तुमचं औषध नव्हता, तुमचं औषध खाणारा पाहुणा होता, आणि ‘विसरायला नको’ म्हणून तुम्ही त्याला रोज अगदी वेळेवर पानावर बसवत होतात.

स्पंज पाणी आत ओढून घेतो, ते शोषण. कोळसा करतो ते अधिशोषण: रेणू त्याच्या पृष्ठभागाला नुसते चिकटून बसतात. गवतातून चालून आलं की कपड्यांना कुसळं लागतात ना, तसं. कपडा कोणाचा, रेशमी की सुती, याच्याशी कुसळांना देणंघेणं नसतं. कोळशालाही समोरचा रेणू विषाचा आहे, जीवनसत्त्वाचा आहे की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीचा, हे कळत नाही. चिकटण्याजोगा असला की चिकटला.

आता थोडं गणित करू. विषबाधेत आम्ही ढोबळ हिशेब धरतो तो असा: पोटात गेलेल्या विषाच्या वजनाच्या १० पट कोळसा द्यावा. तुमच्या कॅप्सूलमध्ये कोळसा २५० मिलिग्रॅम धरा. तुमची थायरॉइडची, म्हणजे थायरॉक्सिनची, गोळी १०० मायक्रोग्रॅमची धरा, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. भागाकार करून पाहा: अडीच हजार पट. थायरॉक्सिन चुकून जास्त घेतलेल्या माणसाला आम्ही जे देऊ, ते तुम्ही योग्य डोस घेऊन वर रोज स्वतःला देत होतात. मोठ्या काटेकोरपणे, उपाशीपोटी.

तेव्हा टीएसएच १४ झालं यात तुमच्या थायरॉइडचा गुन्हा बहुधा काही नाही. कॅप्सूल आज थांबवा. डॉक्टरांना सगळं सांगा, आणि डोस वाढवायच्या आधी सांगा. हा क्रम महत्त्वाचा आहे. डोस वाढला आणि मग केव्हातरी तुम्ही कॅप्सूल सोडल्या, तर तो वाढीव डोस एकदम सगळाच अंगी लागेल आणि छातीत धडधड घेऊन तुम्ही दुसऱ्याच डॉक्टरांकडे जाल. कॅप्सूल बंद केल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करायला सांगतील, त्याआधी आकडा स्थिरावत नाही.

शरीरशुद्धीबद्दल. कोळसा आतड्यातून रक्तात जातच नाही. या टोकाने आत, त्या टोकाने बाहेर, आणि वाटेत जे भेटेल ते सोबत. रक्त गाळायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि त्यांना मदत करायला कॅप्सूल तिथवर पोचतच नाही. एका प्रदर्शनात मी अशा कॅप्सूल विकणाऱ्या मुलाला विचारलं, ‘कोणतं विष काढतं हे? एकाचं तरी नाव सांगा.’ तो म्हणाला, ‘सगळीच.’ मुलगा प्रामाणिक होता बिचारा, त्याला खरंच तसं वाटत होतं. आणि सुरुवातीला हलकं वाटलं म्हणता, तर असं काही नवं व्रत घेतलं की पहिला आठवडा माणूस एरवीही जपूनच खातो.

याच गठ्ठ्यात एका वाचक भगिनीने गर्भनिरोधक गोळ्या आणि कोळसा यांबद्दल विचारलं आहे. त्यांनाही हेच उत्तर. फक्त तिथे चुकीचा निकाल तपासणीच्या कागदावर येत नाही, नऊ महिन्यांनी येतो. फिट्सच्या, हृदयाच्या, नैराश्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही या ओळी स्वतःसाठीच लिहिल्या आहेत असं समजावं.

प्रश्न : पार्टीहून आल्यावर दोन कॅप्सूल घेतल्या तर सकाळी डोकं दुखत नाही, असं मित्र म्हणतात. खरं का?

उत्तर : नाही. दारू कोळशाला जवळजवळ चिकटतच नाही, आणि तुम्ही घरी पोचेपर्यंत ती पोटात राहिलेलीही नसते. मित्र दोन कॅप्सूलबरोबर दोन ग्लास पाणी पीत असतील, त्याचा गुण.

प्रश्न : माझं वय ७९. तरुणपणी प्रथमोपचाराच्या एका पुस्तकात वाचलं होतं की विषबाधेवर जळका पाव, कडक चहा आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया एकत्र करून द्यावं. कोळसा म्हणजे जळका पावच ना? मग लाकडी कोळसा घरी कुटून वस्त्रगाळ केला तर विकतचा कशाला हवा?

उत्तर : आजोबा, तुमची स्मरणशक्ती पक्की आहे. या मिश्रणाला ‘सार्वत्रिक उतारा’ म्हणत. मूळ कृती दोन भाग कोळसा, एक भाग मॅग्नेशियम ऑक्साइड, एक भाग टॅनिक अ‍ॅसिड अशी होती. जळका पाव, मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि कडक चहा ही तिची स्वयंपाकघरातली आवृत्ती. नाव भारदस्त, पण काम तोकडं. टॅनिक अ‍ॅसिड स्वतःच कोळशाला चिकटून विषाची जागा अडवतं, शिवाय जास्त झालं तर यकृताला अपाय करतं. म्हणजे तिघांना एकत्र कामाला लावलं तर एकटा कोळसा करतो त्याहून कमी काम होतं. १९६३ साली हॉल्ट आणि होल्झ या दोघांनी जुने-नवे पुरावे एकत्र मांडून ‘हे मिश्रण सोडा, नुसता कोळसा द्या’ असं लिहिलं. त्यानंतर कोळसा पुन्हा मानाने दवाखान्यात आला.

आता घरच्या कोळशाचं. लाकूड, नारळाची करवंटी, पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) किंवा दगडी कोळसा हवेशिवाय तापवला की साधा कोळसा होतो. त्याचे कण बऱ्यापैकी ठोस असतात. तोच पुढे ८०० ते १००० अंश सेल्सियसला वाफेच्या झोतात धरतात, किंवा कच्च्या मालाला फॉस्फोरिक अ‍ॅसिडसारखं रसायन लावून त्याहून कमी तापमानाला भाजतात. यात कोळशाचा काही भाग आतून कोरला जातो आणि कणाकणात सूक्ष्म बोगदे तयार होतात. सक्रिय करणं ते हेच. अशा एका ग्रॅम कोळशाचा, म्हणजे चमच्याच्या टोकावर मावेल एवढ्या भुकटीचा, आतला पृष्ठभाग सपाट पसरला तर साधारण १००० चौरस मीटर भरतो. प्रौढ माणसाला आम्ही विषबाधेत ५० ग्रॅम देतो. म्हणजे ५ हेक्टर, जवळजवळ साडेबारा एकर! एवढं रान आम्ही एका पेल्यात भरून पाजत असू.

तुमच्या वस्त्रगाळ कोळशात हे बोगदे नसतात. कुटून कण लहान होईल, आतून पोकळ होणार नाही. तेव्हा उखळ खाली ठेवा. आणि जळका पाव खरवडून खावा, त्याला औषधी गुण चिकटवू नयेत.

प्रश्न : मी बारावी शास्त्र शाखेत आहे. एका माणसाने सगळ्यांसमोर विष पिऊन कोळशाने तो वाचतो हे दाखवलं होतं, असं शिक्षक म्हणाले. हे खरं आहे की दंतकथा?

उत्तर : शिक्षकांनी बरोबर सांगितलं. टूएरी नावाचा फ्रेंच औषधनिर्माता होता. १८३१ साली त्याने फ्रेंच वैद्यक अकादमीच्या सभासदांपुढे स्ट्रिक्निन, म्हणजे कुचल्यातलं विष, मारक मात्रेच्या १० पट घेतलं आणि त्याबरोबर १५ ग्रॅम कोळसा घेतला. त्याला काही झालं नाही. त्याच्या दोनएक दशकं आधी बर्ट्रांड नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने आर्सेनिकबरोबर असाच प्रयोग केला, तोही वाचला. गंमत अशी की आर्सेनिक कोळशाला नीट चिकटत नाही हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे टूएरीला रसायनशास्त्राने वाचवलं आणि बर्ट्रांडच्या बाबतीत नशिबाचा वाटा मोठा असावा. दोघांनीही छाती सारखीच पुढे काढली असणार.

तू शास्त्राचा विद्यार्थी आहेस म्हणून एक गोष्ट लक्षात आणून देते. टूएरीचं विष आणि कोळसा एकाच वेळी पोटात गेले, विषाला रक्तात जायला फुरसतच मिळाली नाही. प्रयोगातली ही सोय कॅज्युअल्टीत कोणी करून देत नाही. आमच्याकडे विष आधी येतं, कोळसा मागून धावतो. या एका फरकात पुढची जवळजवळ दोनशे वर्षांची वादावादी आली. हे घरी करून बघायचं नसतं, हे बारावीच्या मुलाला लिहायची गरज नसावी, तरी लिहिते.

प्रश्न : घरात दोन लहान मुलं आहेत, वय ३ आणि ५. चुकून काही विषारी पोटात गेलं तर हाताशी असावा म्हणून सक्रिय कोळशाची बाटली घरी ठेवावी का? किती द्यायचा तेही सांगा.

उत्तर : ठेवू नका. मात्राही सांगणार नाही. आता रागावण्याआधी कारणं ऐका, जरा लांबलचक आहेत.

पहिलं, पोटात गेलेली वस्तू कोळशाला चिकटणारी आहे का हे तुम्हाला त्या घाईत कळणार नाही. लोह आणि लिथियम चिकटत नाहीत. मेथिल अल्कोहोल चिकटत नाही. अ‍ॅसिड आणि नळ मोकळे करायच्या कॉस्टिकवर तो निरुपयोगी, वर नुकसानकारक: उलटी झाली तर अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते, आणि आत दुर्बीण घालून जखम बघायची तर सगळीकडे काळोख. रॉकेल-पेट्रोलच्या बाबतीत खरी भीती ते उलटीतून फुप्फुसात जाण्याची असते, आणि कोळशाने उलटी सहज होऊ शकते. लहान मुलांच्या हाती काय लागतं ते पाहा: आईच्या रंगीत लोहाच्या गोळ्या, फरशी पुसायचं, दिव्यातलं तेल. यांतल्या कशावर कोळसा चालत नाही. तुम्ही मात्र बाटली शोधण्यात, कालवण्यात, पाजण्यात अर्धा तास घालवाल आणि ‘दिलंय काहीतरी’ म्हणून आणखी अर्धा तास वाट बघाल.

दुसरं कारण सांगताना अजूनही माझा हात थांबतो. एका रात्री विशीतला एक मुलगा आमच्याकडे पाठवला गेला. झोपेच्या गोळ्या घेतलेल्या, आधीच पेंगलेला. त्याला आधी जिथे नेलं होतं तिथे घाईत, चांगल्या हेतूने, तोंडाने कोळसा पाजला होता. पेंगलेल्या माणसाला ठसका येत नाही. मी श्वासनलिकेत नळी घालायला घशात दिवा धरला, तर स्वरयंत्राच्या पार खालपर्यंत काळं. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं डागाळलेली. गोळ्यांनी त्याला फार तर एक रात्र झोपवलं असतं. कोळशाने १९ दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं. तो वाचला. माझ्यापेक्षा उंच, घरी जाताना वाकून नमस्कार करून गेला. पण तेव्हापासून आमच्या विभागात नियम झाला: आधी माणूस नीट जागा आहे का, नसेल तर श्वासनलिका सुरक्षित आहे का, आणि मगच काळी बाटली.

तिसरं कारण वेळ. युरोप आणि अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांच्या संघटनांनी १९९७ साली एकत्र बसून मत दिलं की कोळसा सरसकट देऊ नये, आणि द्यायचाच तर विष पोटात गेल्यापासून तासाभरात दिला तर उपयोगाची शक्यता जास्त. पुढे श्रीलंकेत मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २००८ साली आला. विष घेतलेले ४६३२ रुग्ण, कोणी कीटकनाशक तर कोणी पिवळ्या कण्हेरीच्या बिया घेतलेले. एका गटाला कोळसा नाही, एकाला एकदा, एकाला पुन्हापुन्हा. मृत्यूचं प्रमाण अनुक्रमे ६.८, ७.१ आणि ६.३ टक्के, म्हणजे फरक नाहीच. बहुतेक जण काही तास उलटून गेल्यावर रुग्णालयात पोचले होते. त्याच देशात २००३ साली कण्हेरीच्या बिया खाल्लेल्या ४०१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र पुन्हापुन्हा दिलेल्या कोळशाने मृत्यू ८ टक्क्यांवरून अडीचवर आले होते. दोन्ही चाचण्या नावाजलेल्या, दोन्ही निकाल उलट. या दोन निबंधांवरून माझ्या दोन सहकाऱ्यांचं वाजलं ते निवृत्तीपर्यंत मिटलं नाही. काही औषधं मात्र रक्तातून परत आतड्यात उतरतात, तिथे वारंवार दिलेला कोळसा त्यांना पकडू शकतो. कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटल, थिओफायलिन, डॅप्सोन, क्विनिन ही त्यांतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत कोळसा अजूनही आहे, आणि तो योग्यच आहे.

मग घरी काय करायचं? उलटी करवू नका. मिठाचं पाणी तर मुळीच नको, मुलाच्या रक्तातलं सोडियम वाढून त्यानेच जीव गेलेले आहेत. तोंडात काही उरलं असेल तर बोटाने काढा, रुग्णालयाला किंवा विषबाधा केंद्राला फोन लावा आणि निघा. आणि बाटली, डबी, गोळ्यांची पट्टी, जे असेल ते बरोबर घ्या.

ते का, तेही सांगते. एकदा साडेतीन वर्षांची एक मुलगी आली, आजीच्या फिट्सच्या गोळ्या खाल्लेली. आजी रडत नव्हती. तिने पदराच्या गाठीतून पट्टी काढली आणि म्हणाली, ‘सकाळी ९ होत्या, मी १ घेतली, आता ४ आहेत. घड्याळात पावणेअकरा झाले होते.’ आम्ही पाहिलं तेव्हा सव्वाअकरा. औषध कोणतं, किती आणि केव्हा, एवढं सगळं त्या बाईने एका वाक्यात दिलं. औषध कार्बामाझेपिन, चिकटणारं. मुलगी टक्क जागी. १३ किलो वजन, म्हणून १३ ग्रॅम कोळसा. चवीला तो काहीच लागत नाही, पण दातांत रेती आल्यासारखी कचकच होते आणि दिसतो भयंकर. आमच्या सिस्टरने तो झाकणाच्या पेल्यात घातला, थोडं गोड पेय मिसळलं, स्ट्रॉ खोचली. काय आहे हे दिसलं नाही की मुलं पितात. तिने तो वीस मिनिटांत संपवला. मग झाकण उघडून आत पाहिलं आणि एवढी फसवणूक झाल्याबद्दल भोकाड पसरलं. काळे दात, काळे ओठ, काळी जीभ. आजी तेव्हा रडली.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला कोळशाचं काळं आइस्क्रीम आणि काळा केक हवा म्हणतो. द्यावा का? हा रंग खाण्याजोगा असतो का?

उत्तर : एका संध्याकाळी एक कोन खाल्ल्याने मुलाला काही होणार नाही. त्याच्या रोजच्या काही गोळ्या असतील तर नको, एवढंच. युरोपीय संघात वनस्पतिजन्य कार्बन हा ई १५३ या क्रमांकाने खाद्यरंग म्हणून चालतो. अमेरिकेत कार्बनच्या काळ्या रंगाला अन्नात परवानगी नाही, आणि २०१८ साली न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने तिथल्या दुकानांतून कोळशाचे पदार्थ काढायला लावले. एकच वस्तू एका किनाऱ्यावर रंग आणि दुसऱ्यावर गुन्हा. आरोग्यासाठी म्हणून मात्र खाऊ नये. साखर, दूध आणि मलई त्यात तेवढीच असते, वर काळा झगा घातलेला.

खरं सांगायचं तर कोळशाने अन्नाची सेवा केली ती ताटात न येता. साखरेचा रस त्यातून गाळून पांढरा करायची पद्धत दोन शतकांहून जुनी आहे. कॉफीतलं कॅफीन काढायच्या एका पद्धतीत पाण्यात उतरलेलं कॅफीन कोळशावर पकडतात आणि चव पाण्यातच राहू देतात. पाण्याच्या फिल्टरमधला क्लोरीनचा वास तोच घालवतो. जंतू मारणं किंवा विरघळलेले क्षार काढणं त्याच्याकडून होत नाही, त्याला वेगळी सोय लागते. या सगळ्या ठिकाणी तो काम करतो आणि मागच्या दाराने निघून जातो. आमच्या काळातल्या चांगल्या वॉर्डबॉयसारखा.

प्रश्न : कोळशाच्या टूथपेस्टने दात पांढरे होतात का?

उत्तर : चहाचे वरवरचे डाग खरवडले जातात, म्हणून चार दिवस पांढरे दिसतात. पण कण खरखरीत असले तर डागाबरोबर दाताचं इनॅमलही झिजतं, आणि ते पुन्हा उगवत नाही. खालचा पिवळसर थर उघडा पडला की दात आधीपेक्षा पिवळे! अशा बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइडही नसतं. माझ्या दंतवैद्य मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, ‘चालू दे, मला पेशंट मिळतात.’

प्रश्न : मला जेवणानंतर गॅसेसचा फार त्रास होतो. तुम्ही कोळशाला नावंच ठेवणार की काही चांगलंही सांगणार?

उत्तर : सांगते. तुमच्या तक्रारीवर कोळशाची बाजू थोडी तरी भक्कम आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ साली आतड्यातला जादा वायू कमी करायला त्याचा हातभार लागतो हे मान्य केलं. अट अशी: जेवणाआधी निदान अर्धा तास १ ग्रॅम आणि जेवणानंतर लगेच १ ग्रॅम. २५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल असतील तर एका जेवणाला ८ झाल्या. मूठभर कॅप्सूल गिळून वायू कमी करायचा की हळू जेवायचं, हे तुम्ही ठरवा. दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचा. बद्धकोष्ठ असेल तर घेऊच नका. आणि गॅसेस नव्याने सुरू झाले असतील, वजन उतरत असेल, तर आधी तपासून घ्या. ते का, ते पुढच्या पत्रात.

प्रश्न : वडील वायूसाठी कोळशाच्या गोळ्या घेतात. त्यांना संडासला काळी होते. गोळ्यांमुळेच असणार ना? काळजीचं कारण आहे का?

उत्तर : बहुधा गोळ्यांमुळेच. कोळशाने शौचाचा रंग काळा होतोच, गोळ्या थांबवल्यावर एक-दोन दिवसांत, पोट साफ होत असेल तर, पूर्ववत होतो. लोहाच्या गोळ्यांनीही काळपट होते.

पण ‘बहुधा’ या शब्दावर मी एकदा आपटले आहे. असेच एक गृहस्थ, ६६ वर्षांचे, दम लागतो म्हणून आले होते. शौचाचं विचारलं तर म्हणाले, ‘काळी होते, पण मी कोळसा घेतो ना.’ मीही मान डोलावली आणि कागदावर लिहिलं: कोळशामुळे. छातीचा एक्स-रे लिहून दिला आणि पुढच्या पेशंटकडे वळले. बेडपॅन उचलणाऱ्या सिस्टर माझ्यामागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘मॅडम, कोळशाला वास नसतो.’

मी परत गेले. पातळ, चिकट, डांबरासारखी चकचकीत, आणि एकदा घेतला की विसरता न येणारा वास. पोटातल्या व्रणातून महिनाभर रक्त झिरपत होतं. हिमोग्लोबिन ६ निघालं. वायू वाटत होता तो व्रणाचाच त्रास होता. सांधेदुखीच्या गोळ्यांनी व्रण झाला होता, आणि कोळशाच्या आड तो सगळ्यांपासून, माझ्यापासूनही, छान लपून बसला होता.

तेव्हा वडिलांना कोळसा ४ दिवस बंद करायला सांगा आणि रंग पाहा, लाजू नका. पाचव्या दिवशीही काळीच असेल, तर डॉक्टरांकडे न्या. चिकट आहे, घाण वास येतो, उभं राहिल्यावर चक्कर येते, चेहरा पांढुरका दिसतो, यांतलं एकही असेल तर चार दिवस थांबू नका, आजच न्या. ते सांधेदुखीसाठी काही घेतात का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, तेही कागदावर लिहून न्या. आणि कोळशाच्या गोळ्यांची पट्टी बरोबर घ्या, त्या आजींसारखी.